पाहणारा मुलगा : जॉन ल कॅरे यांचे बालपण आणि शाळा

नव्या तुकडीतल्या मुलांनी घरी लिहिलेली पहिली पत्रे बहुधा सारखीच असतात. ‘मी येथे मजेत आहे. जेवण चांगले आहे. माझी काळजी करू नये.’ हे लिहिणारा मुलगा तासाभरापूर्वी उशीत तोंड खुपसून रडला आहे, हे शेजारच्या खाटेवरच्या मुलाला ठाऊक असते. पण तोही आपल्या पत्रात हेच लिहितो. दोघेही खोटारडे नसतात. आईच्या जिवाला घोर नको म्हणून त्यांनी काहीतरी आत ठेवलेले असते, एवढेच.

वसतिगृहात राहणारा प्रत्येक मुलगा असा थोडेफार लपवायला शिकतो. दुखलेला गुडघा पीटीच्या वेळी लपवतो, कमी पडलेले गुण घरी लपवतो, घरची अडचण मित्रांपासून लपवतो. या सवयीचे पुढे काय होते? ती माणसाला समंजस करते की लबाड? आज आपण ज्या लेखकाचा अभ्यास करणार आहोत, त्याचे सगळे आयुष्य या एका प्रश्नाभोवती गेले. तो आधी हेर होता, मग हेरकथाकार झाला; पण त्याचे खरे प्रशिक्षण त्याआधीच, घरात आणि शाळेत झाले होते.

लेखकाची ओळख

जॉन ल कॅरे हे टोपणनाव. खरे नाव डेव्हिड जॉन मूर कॉर्नवेल. जन्म १९ ऑक्टोबर १९३१, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट परगण्यातल्या पूल या गावी. मृत्यू १२ डिसेंबर २०२०. ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ (१९६३) आणि ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७४) या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कादंबऱ्या.

हेरकथा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जेम्स बाँड येतो : वेगवान गाडी, उंची कपडे, हातात पिस्तूल. ल कॅरे यांचा जॉर्ज स्मायली याच्या अगदी उलट आहे. बुटका, स्थूल, चष्मेवाला, कपडे अंगाला नीट न बसणारे. तो जुन्या फायली वाचतो, प्रश्न विचारतो, समोरच्याला बोलू देतो आणि थांबतो. बाँडसारखा माणूस आपल्याला कधी भेटायचा नाही. स्मायलीसारखा मात्र रेल्वेच्या डब्यात समोर बसलेला असू शकतो. असा हेर लेखकाला कोठे सापडला असेल? त्यासाठी कॉर्नवेल यांच्या घरात जायला हवे.

दिवे मालवा, गाड्या मागे न्या

डेव्हिडचे आजोबा पूल गावातले प्रतिष्ठित गृहस्थ होते. वडील रॉनाल्ड, म्हणजे रॉनी, यांनी वेगळा रस्ता धरला. ते ठग होते. दिसायला रुबाबदार, बोलायला गोड, आणि समोरच्या माणसाला आपण जगातले सर्वांत महत्त्वाचे आहोत असे वाटायला लावणारे. त्यांच्या शब्दावर लोक आयुष्यभराची पुंजी काढून देत आणि नंतर कपाळाला हात लावत. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी रॉनींनी तुरुंगवास भोगला. पुढे परदेशांतल्या कोठड्याही पाहिल्या.

घरात पैसा आला की पुरासारखा येई. शर्यतीचे घोडे, चालकासह मोटारी, मोठमोठ्या मेजवान्या. पैसा गेला की वाण्याचे आणि खाटकाचेही बिल थकलेले. मग घेणेकरी दाराशी येणार असे कळले की घरातले दिवे मालवायचे, गाड्या रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून मागच्या बाजूला न्यायच्या आणि सगळ्यांनी गप्प बसायचे. मुलांना लवकरच कळू लागले की कोणाला काय सांगायचे, दारावरची थाप कशी ओळखायची, आणि वडिलांचा आज कोणता चेहरा चालू आहे.

आई ऑलिव्ह. डेव्हिड पाच वर्षांचा असताना ती एका रात्री घर सोडून निघून गेली. झोपलेल्या दोन मुलांना तिने उठवले नाही. ती कोठे गेली, का गेली, हे मुलांना कोणी नीट सांगितले नाही. डेव्हिडने तिला पुन्हा पाहिले ते वयाच्या एकविसाव्या वर्षी. मामाला पत्र लिहून त्याने पत्ता मिळवला आणि इप्सविच स्टेशनच्या फलाटावर मायलेकांची भेट झाली. मधल्या सोळा वर्षांत आपल्याला कोणी जवळ घेतल्याचे आठवत नाही, असे त्यांनी म्हातारपणी सांगितले आहे. त्या वर्षांत माया मिळाली ती दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या भावाकडून, टोनीकडून.

या मुलाच्या हातात दुसरे काही नव्हते, म्हणून त्याने एक गोष्ट केली : तो पाहू लागला. मोठ्यांचे आवाज, पावले, नजर, खिशातली पत्रे. ज्या घरात उद्या काय होईल हे सांगता येत नाही, त्या घरातले मूल आपोआप टेहळणी शिकते. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याची संत्रीची पाळी कधी संपतच नाही.

आठवणीची झडती

येथे एक छोटा प्रसंग सांगतो. तो प्रत्येक कॅडेटने लक्षात ठेवावा.

डेव्हिडला एक चित्र स्पष्ट आठवत असे. आपण अगदी लहान आहोत, आईचा हात धरून एक्सिटरच्या तुरुंगाबाहेर रस्त्यावर उभे आहोत, वर खिडकीत वडील दिसत आहेत आणि आपण त्यांना हात हलवून दाखवत आहोत. मोठेपणी त्याने ही आठवण वडिलांना सांगितली. रॉनींनी ती साफ उडवून लावली. एक्सिटरच्या कोठडीतून रस्ता दिसतच नाही, हे तिथे राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे, असे त्यांचे म्हणणे.

आता गंमत पाहा. आयुष्यभर खोटे बोललेला माणूस या वेळी खरे बोलत होता, आणि प्रामाणिकपणे सांगणाऱ्या मुलाची आठवण मात्र चुकीची ठरत होती. ल कॅरे यांनी हे लपवले नाही. स्वतःच्या आयुष्याविषयी लिहिताना त्यांनी हा प्रसंग मुद्दाम नोंदवला. एवढेच नव्हे, तर कधीकाळी आत्मचरित्र लिहायचे मनात आले तेव्हा त्यांनी दोन खासगी गुप्तहेरांना पैसे देऊन वडिलांच्या आणि स्वतःच्याही भूतकाळाचा तपास करायला सांगितले. आपली स्मृती विश्वासाची नाही, कारण आपण आधी खोट्याच्या घरात वाढलो, मग खोट्याच्या नोकरीत राहिलो आणि शेवटी खोट्या गोष्टी रचून पोट भरले, असे ते स्वतःविषयी म्हणत.

नकाशावाचनात आपण काय शिकतो? एका खुणेवर विसंबू नका, दुसरी खूण शोधून पडताळा घ्या. माहितीचेही तसेच आहे. सांगणारा आपला आवडता आहे म्हणून माहिती खरी ठरत नाही, आणि नावडता आहे म्हणून खोटीही ठरत नाही. स्वतःच्या आठवणीलाही हाच नियम लागू आहे.

दोन शाळा

रॉनींना एका गोष्टीची हौस होती. आपली मुले सभ्य गृहस्थ म्हणून वाढावीत, वकील व्हावीत. त्यासाठी त्यांनी दोघांना निवासी शाळांत घातले. डेव्हिड आधी बर्कशायर परगण्यात पँगबर्नजवळच्या सेंट अँड्र्यूज या प्राथमिक निवासी शाळेत होता आणि महायुद्ध संपले त्या वर्षी, म्हणजे १९४५ मध्ये, डॉर्सेटमधल्या शेरबर्न शाळेत गेला. शेरबर्न ही जुनी, नामांकित शाळा. सहाव्या एडवर्ड राजाच्या काळात, १५५० साली, तिची फेरस्थापना झाली होती.

फी वेळेवर भरली जाई असे नाही. युद्धानंतर इंग्लंडात शिधावाटप चालू होते. सुकामेवा आणि चांगले मद्य दुर्मीळ झाले होते. कधी पैशांऐवजी रॉनींनी शाळेला अंजिरांसारखा सुकामेवा आणि शिक्षकांसाठी जिनची पेटी देऊ केली, असे ल कॅरे यांनी लिहिले आहे. वाचताना हसू येते. पण त्या वर्गात बसलेल्या मुलाचा विचार करा. आपली फी भरलेली नाही हे त्याला ठाऊक आहे. ज्या मुलांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांची प्रतिष्ठा आहे, त्यांच्यात तो बसला आहे. त्याने त्यांचा उच्चार उचलला, त्यांची चालरीत उचलली, त्यांचे विनोद उचलले. आपण त्यांच्यातलेच आहोत असे त्याने इतके बेमालूम दाखवले की कोणाला शंका येऊ नये. पुढे त्यांनी म्हटले आहे की हेरगिरीचा पहिला धडा आपण येथेच गिरवला. दुसऱ्याच्या प्रदेशात जाऊन तिथल्या माणसासारखे वावरणे, हाच तो धडा.

शाळा त्याला आवडली का? नाही. आपण एका निवासी शाळेच्या नियतकालिकात हे वाचत आहोत, म्हणून ही गोष्ट गुळमुळीत करून सांगणे बरोबर होणार नाही. त्या काळच्या इंग्रज निवासी शाळांत छडी होती, वरच्या वर्गाची धाकटपशाही होती आणि मन मोकळे करायला जागा फार थोडी होती. डेव्हिडचे हाऊसमास्टर कडक शिस्तीचे. त्यांचे आणि त्याचे जमले नाही. शिस्तीने त्याचे वागणे सरळ केले, पण त्याच्या मनात काय चालले आहे हे तिला कधी कळले नाही. उलट, मन आणखी खोल लपवायला तो शिकला.

दोन शिक्षक

तरीही त्याच शाळेत त्याला दोन माणसे अशी भेटली की त्यांनी त्याच्या आयुष्याची दिशा बदलली.

पहिले, जर्मन भाषेचे शिक्षक मिस्टर किंग. महायुद्धानंतरच्या त्या दिवसांत इंग्लंडात जर्मन हा शब्द उच्चारला तरी कपाळावर आठ्या पडत. शहरांवरच्या बॉम्बवर्षावाच्या खुणा ताज्या होत्या, कित्येक मुलांचे वडील आणि काका परत आले नव्हते. अशा वेळी हे शिक्षक वर्गात ग्रामोफोन लावून जर्मन कविता ऐकवत. हिटलरची जर्मनी म्हणजे सगळी जर्मनी नव्हे, या भाषेत दुसरेही खूप काही आहे आणि ते एक दिवस परत येईल, ही त्यांची श्रद्धा होती. डेव्हिडला ती भाषा भावली. घरची भाषा वडिलांनी फसवणुकीसाठी वापरून वापरून मळवली होती; ही नवी भाषा त्याची एकट्याची होती.

या एका विषयाने पुढे काय केले ते मोजून पाहा. जर्मनमुळे तो स्वित्झर्लंडला गेला. जर्मनमुळे सैन्यात गुप्तवार्ता विभागात काम मिळाले. जर्मनमुळे ऑक्सफर्डची पदवी, शिक्षकाची नोकरी आणि जर्मनीतली नेमणूक मिळाली, आणि त्या नेमणुकीत ती कादंबरी लिहून झाली जिने त्यांना जगभर नेले. २०११ मध्ये जर्मनीने त्यांना गटे पदक देऊन गौरवले. परकी भाषा शिकणे म्हणजे त्या लोकांशी मैत्रीचा हात पुढे करणे, असे ते म्हातारपणी आवर्जून सांगत. आपल्यापैकी जे भाषेचा तास म्हणजे विश्रांतीचा तास समजतात त्यांनी यावर विचार करावा. महाराष्ट्राबाहेरच्या शाळेत राहून ज्यांना आसपासच्या बाजारात रोज दुसरी भाषा ऐकू येते, त्यांना तर ही संधी फुकट मिळाली आहे.

दुसरे शिक्षक व्हिव्हियन ग्रीन. शेरबर्नमध्ये ते धर्मोपदेशक होते आणि इतिहास शिकवत. शांत, विद्वान, चष्मेवाले, गर्दीत उठून न दिसणारे. पण समोरच्या मुलाला आरपार पाहणारे. काही वर्षांनी ते ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात गेले आणि डेव्हिडही तिथे पोहोचला. डेव्हिडची घरची सगळी कहाणी त्यांना ठाऊक होती आणि तरी त्यांनी त्याला दूर केले नाही. त्यांच्यापुढे त्याला सोंग घ्यावे लागत नसे.

मघाशी विचारले होते की जॉर्ज स्मायली कोठे सापडला. त्याचे उत्तर येथे आहे. स्मायली घडवताना आपल्यासमोर दोन माणसे होती, असे ल कॅरे यांनी सांगितले आहे : एक गुप्तचर खात्यातले त्यांचे ज्येष्ठ सहकारी जॉन बिंगहॅम, आणि दुसरे शाळेतले हे ग्रीन सर. स्मायलीचे ऐकून घेणे, थांबणे, माणूस वाचणे हे गुण एका शाळामास्तरांकडून आले आहेत.

सोळाव्या वर्षीचा निर्णय

१९४८ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, डेव्हिडने शेरबर्नला परत जायला नकार दिला. वडिलांना पटवून तो स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरी गेला आणि तिथल्या विद्यापीठात जर्मनचा अभ्यास करू लागला.

हा निर्णय वाचून कोणी आपला ट्रंक भरायला घेऊ नये. तो मुलगा शिक्षणापासून पळाला नव्हता. त्याला अधिक शिकायचे होते. परक्या गावात, फारशी ओळख नसताना, परक्या भाषेत त्याने स्वतःला अभ्यासाला जुंपले. तिथेच ब्रिटिश गुप्तचरांशी त्याचा पहिला संबंध आला. सतरा वर्षांच्या पोराला त्यांनी किरकोळ कामे सांगितली; काय पोहोचवतो आहोत, कोणाला पोहोचवतो आहोत, हेही त्याला ठाऊक नसे. त्याने ती आनंदाने केली. ज्याला घर नाही अशा मुलाला ‘तू आमचा’ असे कोणी म्हटले की तो फार प्रश्न विचारत नाही. याविषयी पुढे बोलूच.

गणवेश, ऑक्सफर्ड आणि फळा

त्या काळी ब्रिटनमध्ये तरुणांना सक्तीची लष्करी सेवा होती. १९५० मध्ये डेव्हिडला बोलावणे आले. भाषा येत असल्याने त्याला इंटेलिजन्स कोअरमध्ये घेतले आणि ऑस्ट्रियात ग्राझ येथे पाठवले. युरोपच्या मधोमध तेव्हा पूर्व-पश्चिम अशी रेषा पडली होती. ती ओलांडून येणाऱ्या निर्वासितांची जर्मनमध्ये चौकशी करणे हे त्याचे काम. समोर बसलेला माणूस खरोखर जीव वाचवून आला आहे की कोणी पाठवला आहे, हे ओळखायचे. रॉनींच्या घरात वाढलेल्या मुलाला चेहऱ्यामागचा चेहरा वाचण्याचा सराव होताच. फरक एवढाच की आता त्या सरावाला नियम होते, वरिष्ठ होते आणि एक उद्देश होता.

१९५२ मध्ये तो ऑक्सफर्डला दाखल झाला. येथे त्याच्या आयुष्यातले एक अवघड पान येते. ब्रिटनच्या अंतर्गत गुप्तचर खात्यासाठी, म्हणजे एमआय फाइव्हसाठी, तो डाव्या विचारांच्या विद्यार्थ्यांच्या गटांत वावरू लागला आणि त्यांची माहिती देऊ लागला. ज्यांच्याबरोबर चहा घ्यायचा, वाद घालायचे, त्यांच्याविषयीच अहवाल लिहायचा. सोव्हिएत हस्तकांचा धोका खरा होता आणि हे काम कोणीतरी करणे भाग होते, असे ते पुढेही मानत. पण मित्राचा विश्वास वापरणे म्हणजे काय, हा सल त्यांच्या पुस्तकांतून कधी गेला नाही. त्यांच्या कादंबऱ्यांत शत्रूच्या गोळीपेक्षा मित्राची दगाबाजी जास्त रक्त काढते.

१९५४ मध्ये रॉनींचे दिवाळे वाजले. मुलाचे शिक्षण थांबले. डेव्हिडने मिलफील्डच्या प्राथमिक शाळेत शिक्षकाची नोकरी धरली. एका वर्षाने तो ऑक्सफर्डला परतला. या परतीला ग्रीन सरांचा आधार होता. १९५६ मध्ये त्याने आधुनिक भाषांची पदवी पहिल्या वर्गात मिळवली. मग दोन वर्षे ईटन या प्रसिद्ध शाळेत फ्रेंच आणि जर्मन शिकवले. १९५८ मध्ये तो एमआय फाइव्हमध्ये अधिकारी झाला आणि १९६० मध्ये परदेशी गुप्तवार्तेचे काम करणाऱ्या एमआय सिक्समध्ये गेला. बॉनच्या वकिलातीत नेमणूक झाली. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली.

अशा नोकरीत स्वतःच्या नावाने पुस्तक छापता येत नसे, म्हणून टोपणनाव. हे नाव कोठून सुचले असे लोक सारखे विचारत. मग त्यांनी सांगून टाकले की लंडनच्या बसमधून जाताना एका दुकानाच्या पाटीवर वाचले. पुढे कबूल केले की ती पाटी आपण रचली होती. लोकांना ‘आठवत नाही’ हे उत्तर चालत नव्हते! रॉनींचा मुलगा शोभला. पण रॉनींनी अशी कबुली कधी दिली नसती.

शाळा पुन्हा भेटते

१९६४ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ लेखक झाले. कागदावर त्यांनी ज्या जागा पुन्हा पुन्हा उभ्या केल्या त्यांत शाळा आहे.

दुसरीच कादंबरी ‘अ मर्डर ऑफ क्वालिटी’ (१९६२) एका निवासी शाळेत घडते. तिथे शिक्षकाच्या पत्नीचा खून होतो आणि स्मायली तपासाला येतो. शाळेच्या भिंतींमागचा मानापमान, वर्गभेद आणि ढोंग लेखकाने त्यात सोडलेले नाही.

‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ ही सोव्हिएत हस्तकाच्या शोधाची कादंबरी. पण ती सुरू होते एका लहान मुलांच्या शाळेत. बिल रोच नावाचा नवा मुलगा. गुबगुबीत, एकटा, आईवडील वेगळे झालेले, अभ्यासात मागे. एक नवे शिक्षक गाडीला कॅरॅव्हॅन जोडून शाळेच्या आवारात येतात, ते तो खिडकीतून पाहतो. हे शिक्षक जखमी झालेले माजी हेर आहेत, हे वाचकाला नंतर कळते. त्या शिक्षकांना मात्र या मुलाचा गुण लगेच कळतो. एकट्या राहणाऱ्या माणसाची नजर चांगली असते, असे काहीसे ते त्याला सांगतात. आजवर ज्याला कोणी कशात चांगला म्हटले नव्हते, त्या मुलाला पहिल्यांदा कोणीतरी कशात तरी चांगला म्हणते. डेव्हिड कॉर्नवेल स्वतः त्या खिडकीशी उभा आहे हे ओळखायला वेळ लागत नाही.

वडिलांविषयी लिहायला मात्र फार वर्षे लागली. रॉनी १९७५ मध्ये वारले. मुलाने अंत्यविधीचा खर्च दिला, पण तो स्वतः गेला नाही. ‘अ परफेक्ट स्पाय’ १९८६ मध्ये आली. तिच्यातला ठग बाप रिक आणि हेर झालेला मुलगा मॅग्नस पिम यांच्यात रॉनी आणि डेव्हिड सहज दिसतात. मॅग्नस सगळ्यांना आवडतो, कारण तो ज्याच्यासमोर असेल त्याला हवे तसे होतो. असे होता होता त्याचे स्वतःचे असे काही उरत नाही आणि त्याचा नाश होतो. डेव्हिडचा नाश झाला नाही. दोघांचे बालपण जवळजवळ एकच. मग फरक कशाने पडला?

गुपित आणि खोटे

मला वाटते, या पाठाचा गाभा येथे आहे.

सैनिकी जीवनात गुपित राखावे लागते. उद्या तुम्ही अधिकारी व्हाल. तुकडी कोठे हलणार हे तुम्ही घरी सांगणार नाही, आणि तेच योग्य असेल. पण गुपित राखणे वेगळे आणि खोटे जगणे वेगळे. गुपित ज्याचे असते त्याच्यासाठी, कर्तव्यासाठी राखले जाते. त्याचा हिशेब कोणाला तरी द्यावा लागतो. खोटे स्वतःच्या फायद्यासाठी असते आणि त्याचा हिशेब कोणालाच द्यायचा नसतो. रॉनींनी आयुष्यभर कोणालाच हिशेब दिला नाही.

डेव्हिडकडे लपवण्याचे तेच कसब होते. ते वडिलांकडून आले, निवासी शाळेने त्याला धार लावली आणि गुप्तचर खात्याने ते कामाला लावले. पण त्याला दोन गोष्टी मिळाल्या ज्या मॅग्नसला मिळाल्या नाहीत. एक म्हणजे असा शिक्षक, ज्याच्यापुढे लपवायची गरज नव्हती. दुसरी म्हणजे लेखणी. लेखणीपुढे त्याने वडिलांचा, शाळेचा, खात्याचा आणि स्वतःचा हिशेब मांडला. बालपण ही लेखकाची जमापुंजी, हे ग्रॅहम ग्रीन या कादंबरीकाराचे मत त्यांना फार आवडे. त्या मापाने आपण जन्मतःच कोट्यधीश होतो, असे ते हसून म्हणत. पण पुंजी असणे आणि ती प्रामाणिकपणे वापरणे यांत अंतर आहे. ते अंतर त्यांनी चालून पार केले.

बर्नमधल्या त्या सतरा वर्षांच्या मुलाकडे पुन्हा एकदा वळतो. आपलेपणाच्या भुकेपोटी त्याने न विचारता कामे केली. त्याच्या नशिबाने बोलावणारे त्याच्या देशाचे लोक होते. पण एकट्या मुलाला कोणीही बोलावू शकते : वाईट संगत, व्यसन, फोनच्या पडद्यामागचा अनोळखी माणूस. म्हणून कॅडेट मित्रांनो, या आवारात एक तरी माणूस असा शोधा ज्याच्याजवळ ‘मी मजेत आहे’ हे वाक्य म्हणावे लागणार नाही. तो मित्र असेल, वरच्या वर्गातला दादा असेल, हाऊसमास्टर असतील, मेसमधले काका असतील. यात कमीपणा नाही.

शिक्षकांना आणि प्रशिक्षकांना सांगण्याचा माझा अधिकार नाही. मीही त्यांच्यातलाच एक आहे. पण स्वतःशी म्हणतो ते येथे लिहितो. फॉल-इनमध्ये सरळ उभा असलेला मुलगा आतूनही सरळ उभा आहे असे धरून चालू नये. जो कधीच तक्रार करत नाही, त्याची आठवड्यातून एकदा वेगळी विचारपूस करावी. शेरबर्नच्या कडक हाऊसमास्टरांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. ग्रीन सर मात्र स्मायलीच्या रूपाने अजून वाचले जातात.

आणि पालकांना एवढेच. मुले आपले बोलणे ऐकतात त्याहून जास्त आपल्याला पाहतात. फोनवर ‘बाबा घरी नाहीत असे सांग’ म्हणणारा बाप शेजारीच बसलेला असतो, तेव्हा मुलाचा एक धडा पूर्ण झालेला असतो. पुढच्या रविवारी मुलगा फोनवर ‘सगळे ठीक आहे’ म्हणाला तर लगेच ठेवू नका. थोडे थांबा. स्मायलीसारखे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एक्सिटरच्या तुरुंगाच्या आठवणीवरून माहितीचा पडताळा घेण्याविषयी कोणता नियम काढता येईल? स्वतःच्या अनुभवातले एक उदाहरण द्या.

२. जर्मन भाषा शिकल्यामुळे डेव्हिड कॉर्नवेल यांच्या आयुष्यात कोणकोणते टप्पे आले? ते क्रमाने लिहा.

३. ‘गुपित राखणे वेगळे आणि खोटे जगणे वेगळे.’ सैनिकी जीवनातले एक आणि शालेय जीवनातले एक उदाहरण घेऊन स्पष्ट करा.

४. ऑक्सफर्डमध्ये मित्रांची माहिती खात्याला देणे योग्य होते का? दोन्ही बाजू मांडून आपले मत द्या. या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही.

५. या रविवारच्या पत्रात, एरवी लिहिली नसती अशी एक खरी गोष्ट घरी लिहा. हे उत्तर तपासायला द्यायचे नाही.